उठताना हात कुठं ठेवायचा

मोठीबाई, आपल्या स्वयंपाकघरातला ओटा मी चुकीचा बांधला.

हसू नको. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कुंदे, हे सांगाले तुले इतकी वर्सं लागली?" लागली. नवी नवरी होते, दहावी पास होते, आणि घरात शिकलेली सून मी एकटीच, म्हणून माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. राजुऱ्याला माझी मावशी खाणीच्या क्वार्टरात राहायची. तिच्याकडे उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा पाहिला होता. झालं, चुलीपुढं उकिडवं बसून भाकरी थापणाऱ्या आपल्या घराला सुधारायचं मी ठरवलं. मिस्त्री आला. "किती उंच पाह्यजे बाई?" त्यानं विचारलं. मी ताठ उभी राहिले, कमरेवर हात ठेवला आणि म्हटलं, "इथपर्यंत."

माझी कमर! घरात रांधायची तू, थोरली जाऊ, आणि तू माझ्या जेमतेम खांद्याला लागायचीस. त्या दुपारभर तू माझ्या शेजारी उभी राहून मिस्त्रीला पाणी देत होतीस. पण तुझ्याकडे एकदा बघावं, एवढी बुद्धी त्या दहावी पास डोक्याला झाली नाही.

ओटा वाळला. तू पुढं उभी राहिलीस तर तवा तुझ्या छातीशी. कढईत काय शिजतंय ते तुला दिसेना. तू मला काही म्हटलं नाहीस. अंगणातून वीट आणलीस, पदरानं पुसलीस, खाली ठेवलीस आणि तीवर चढून पीठ मळायला लागलीस. वीट डुगडुगायची, म्हणून दुसऱ्या दिवशी शेजारी आणखी एक. शेजारची बाई विचारायला आली, "हे काय वं नवीन?" तर तू म्हणालीस, "आमच्या कुंदाचा ओटा आहे. वर चढून रांधा लागते."

मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. मान वर करून तिथंच उभी राहिले, बावळटासारखी.

हे सगळं आता आठवतं, कारण घरात भांडायला कोणी उरलं नाही. तुझ्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, तुझा प्रदीप ड्युटीवर गेला. बायकांनी तुझ्याबद्दल चांगलं चांगलं सांगितलं. तू शांत होतीस म्हणे, कधी कोणाला वाकडं बोलली नाहीस म्हणे. मी पाहिलं, भंतेजी बसले होते, म्हणून गप्प राहिले. बाई, तू शांत? लग्नानंतर पहिली काही वर्षं मी तुला "तुमी" म्हणत होते. मग एकदा मिरच्या वाळत घालण्यावरून आपलं असं जुंपलं, की भांडणाच्या तोंडात "तू" निघून गेलं. तू म्हणालीस, "आता झालीस माही जाऊ." तेव्हापासून तूच.

ज्या एका भांडणात तू जिंकलीस, ते मात्र माझ्याशी नव्हतं. अंगणवाडीची नोकरी आली तेव्हा मामंजी म्हणाले, घरचं कोण करंल? माझी प्रज्ञा तेव्हा अंगावर पीत होती. तू विटेवर उभी होतीस, हात पिठानं भरलेले. मागं न वळता म्हणालीस, "भाकर मी करतो. पोरगी मी पाहातो. तिले जाऊ द्या." मामंजींनी पुन्हा विचारलं नाही. मी गेले. त्या ओट्यावर, त्या विटेवर, माझ्या नोकरीची सगळी वर्षं तू रांधलंस. मी गावातल्या पोरांची वजनं घेत फिरले, बैठकांना गेले, बाईसाहेब झाले. आणि ओटा एक वीतभर खाली घेऊ, असं मला रिटायर होईपर्यंत सुचलं नाही. तोवर तुझे गुडघे गेले होते.

रिटायर झाल्यावर मी घरात बसून तुझं डोकं खायला लागले, तेव्हा माझ्या नातीनं, श्रेयानं, मोबाईलवर शोधून काढलं की चंद्रपूरकडे एका संस्थेत बांबूच्या वस्तूंच्या डिझाईनचा कोर्स आहे आणि वयाची अट नाही. मी तुला सांगितलं. तू वांगी निवडत होतीस.

"टोपल्या विनाले शिकाची कॉलेजात?"

"टोपल्या नाई वं. डिझाईन."

"म्हंजे?"

"म्हंजे माणसाले काय पाह्यजे ते पाहाचं, आन मग तशी वस्तू कराची."

तू एक किडकं वांगं बाजूला टाकलंस. "हे शिकवा लागते?"

तरी मी फॉर्म भरला. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरं, मला "आजी" म्हणतात. मॅडमही तशा पोरगेल्याच. त्यांच्या बोटांत लॅपटॉप, माझ्या बोटांत अजून अंगणवाडीच्या रजिस्टरची शाई. माझी रेघ थरथरते. कॉम्प्युटरवर बाण कुठं जातो ते मला सापडत नाही. मी माऊस हलवते आणि मान पण हलवते. पण माणवेल बांबू हातात घेतला की मात्र कळतं, हा बांबू भरीव आहे, हा पाय होईल; आणि हा पोकळ, याच्या विणायच्या कमच्या निघतील. हे मला कोणी शिकवलं नाही, मी जंगलाशेजारी वाढले एवढंच.

मग प्रोजेक्टची वेळ आली. एका माणसाची एक अडचण घ्या आणि सोडवा, असं मॅडम म्हणाल्या. मी घरी येऊन तुला विचारलं, "तुही काय अडचण आहे?" तू म्हणालीस, "तू."

खरी अडचण तू मला नंतर सांगितलीस, तीही मी विचारली म्हणून नाही. पोंभुर्ण्याच्या बाजारातून येताना काळीपिवळीत आपण मागच्या सीटवर बसलो होतो. तुझे ओठ कोरडे दिसले म्हणून मी बाटली पुढं केली. तू अर्धी बाटली एका दमात संपवलीस आणि म्हणालीस, "बजारात पानी पेत नाई मी. पानी पेलं की जा लागते. जाचं तं उठा लागते. उठाचं तं कोनाले तरी हात मांगा लागते." मग खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मागच्या बजारात त्या मोबाईलच्या दुकानातल्या पोट्ट्यानं उठवलं मले. दोन्ही हातानं. पोतं उचलते तसं. आता नाई जात मी बजारात."

इतकी वर्षं नालीच्या अलीकडच्या जागेवर पोतं अंथरून वांगी, वाल, सांबाराच्या, आमच्या मॅडम म्हणतात त्या कोथिंबिरीच्या, जुड्या मांडणारी तू. घरात पैशाची नड होती म्हणून नव्हतीस जात. प्रदीप तर ओरडायचा, "आई, कायले जाते?" पण त्या पोत्यावर तू कोणाची सासू नव्हतीस, कोणाची जाऊ नव्हतीस. तिथं तू भाव सांगायचीस आणि लोक ऐकायचे. ते तू सोडून देणार होतीस, एका हातासाठी.

मी म्हटलं, "थांब. मी करतो तुह्यासाठी पिढं. बसाले सोपं, उठाले सोपं."

आणि मी परत तेच केलं. ओट्याचंच केलं, बाई! पुस्तक उघडलं, त्यात बसायच्या उंचीचं माप होतं, ते घेतलं. पिढं सुरेख झालं. कमच्यांची वीण अशी घट्ट की मॅडमनी सगळ्या वर्गाला दाखवली. बाजारात तू त्यावर बसलीस आणि तुझी वांगी राहिली खाली पाताळात. वांगं द्यायला तू वाकलीस की पिढं मागून उचललं जायचं. शेजारच्या पोत्यावरची लताबाई ओरडली, "मोठीबाई, कलेक्टर झाली का वं? वरून भाव सांगून राह्यली!" सगळी लाईन हसली. एका गिऱ्हाइकानं तर हात जोडून विचारलं, "मॅडम, सांबार कसा देल्ला?" तू उतरलीस, पिढं उलटं केलंस, त्याच्या चार पायांच्या मधे कांदे भरलेस आणि पुन्हा पोत्यावर बसलीस.

संध्याकाळी मी रुसून बसले. तू म्हणालीस, "तुह्या पिढ्यानं कांदे नाई घरंगळले. कामाचं आहे."

दुसऱ्या बाजाराला मात्र मी पिढं नेलं नाही. पाण्याची बाटली आणि स्वतःचं तोंड बंद करून घेऊन गेले. दिवसभर तुझ्या बाजूला बसले आणि फक्त बघितलं. तेव्हा कळलं, की तू बसतेस ती पुस्तकातल्या बाईसारखी बसत नाहीसच. एक पाय दुमडलेला, एक लांब. उजवीकडं तराजू, उजवीकडं माल, सगळं वाकणं उजवीकडं. आणि उठताना आधी डावीकडं कलतेस, डावा हात जमिनीवर टेकतेस, आणि जमीन फार खाली असते. तिथंच तुझा जीव जातो. उंची नव्हती अडचण. हाताला काही नव्हतं.

मी घरी आले आणि बुटकं पिढं केलं, जमिनीपासून जेमतेम वर. त्याला डावीकडं वर आलेला दांडा लावला, धरून उठायला. माणवेल शेकून शेकून वाकवली, एकही पेर तडकू दिलं नाही. असा बाक आला की मीच प्रेमात पडले. म्हणून दुसऱ्या बाजूलाही तसाच लावला.

तू बघितलंस आणि म्हणालीस, "उजवीकडचा काढ."

"काऊन?"

"वांग्याकडे वाकू कशी? बरगडीत घुसते."

"एकच ठेवला तं लंगडं दिसते."

"दिसते कोनाले? मी तं त्याच्यावर बसून असन."

"मॅडमले दिसते."

"मग मॅडमले बसव बजारात."

मी दांडा काढला नाही. तूही त्यावर बसली नाहीस. चार दिवस आपण एकमेकींशी "चहा घे" आणि "गॅस बंद कर" एवढंच बोललो. असे अबोले आपण शंभरदा धरले आणि सोडले. हाही सोडला असता. तू सोडायच्या आत गेलीस.

भांडण अर्धं राहिलं याचं मला दुःख आहेच. पण खरं सांगू? तुझं बरोबर होतं, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तू "बरगडीत घुसते" म्हणालीस त्याच क्षणी. तेवढं तोंडानं म्हणायचं राहिलं. आणि ओट्याचंही. आणि "भाकर मी करतो, तिले जाऊ द्या" याबद्दल जे म्हणायला हवं होतं, ते तर मला अजूनही नीट येत नाही.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी प्रदीपनं ते पिढं धुऊन पुसून समोरच्या खोलीत आणलं. त्यावर पांढरा कपडा घातला आणि तुझा फोटो ठेवायला लागला. म्हणाला, "काकू, तू आईसाठी केलं होतं ना. आता याच्यावर आईच राहीन." पोराचे डोळे भरलेले. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी ओरडले, "फोटोले टेबल आहे! हे बसाचं आहे!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. म्हातारीला दुःखानं भ्रम झाला, असं वाटलं असेल. मी पिढं उचललं आणि माझ्या खोलीत नेऊन दार लावलं. तुझ्या नावानं हार घालून ते कोपऱ्यात ठेवलं असतं, तर त्याचा उजवा दांडा कायम राहिला असता आणि मी कायम जिंकले असते. तसं मला जिंकायचं नव्हतं.

कोर्सला परत गेले तेव्हा मॅडमनी मला बाजूला घेतलं. "आजी, ज्यांच्यासाठी करत होतात त्याच नाहीत. विषय बदलायचा असेल तर मी वेळ देते."

मी म्हटलं, "गुडघे तिच्या एकटीचेच नव्हते, मॅडम."

त्याच आठवड्यात वर्गात प्रत्येकानं उभं राहून आपलं बलस्थान सांगायचं होतं आणि पुढं काय वाढवायचं तेही. पोरं झकास बोलली. एकाचं स्केचिंग चांगलं, एकीकडं नेतृत्वगुण, एकाला वेळेचं नियोजन सुधारायचंय. माझी पाळी आली तशी मी उभी राहिले. अंगणवाडीच्या बैठकांमधे भल्याभल्या साहेबांपुढं बोललेली मी, तरी आधी पदर दोनदा नीट केला.

मी सांगितलं, की मी हट्टी आहे आणि हे मी बलस्थानात मोजते, कारण हट्ट नसता तर या वयात या बाकावर नसते. बाई कितीही मुकी असो, मी तिला बोलती करते. नोकरीत दुसरं केलं काय? आणि माझ्या हाताला बांबू कळतो. इथवर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग म्हटलं, आता उरलेलं ऐका. मी बोलती केलेल्या बाईचं ऐकत नाही. ती बोलत असते आणि माझ्या डोक्यात माझं उत्तर तयार असतं. मी माप घेते ते माझ्या कमरेचं, नाहीतर पुस्तकाचं. आणि माझ्या हातून काही सुंदर झालं, की ते कोणाच्या बरगडीत घुसतं आहे हे मला दिसेनासं होतं. हे बदलायचंय. या वर्षातच बदलायचंय, कारण तुमच्यासारखी माझ्याकडं ढीगभर वर्षं नाहीत. आणि तो कॉम्प्युटरचा बाणही शिकायचाय. माझं पिढं उद्या मुलचेऱ्याच्या कोणा सुताराला करायचं असलं, तर त्याच्याजवळ नीट चित्र पाहिजे. मी काही त्याच्या घरी मुक्कामाला जाणार नाही.

पोरं हसली. मॅडमनी विचारलं, "आणि पहिलं पाऊल?"

मी पिशवीतून पिढं काढलं, टेबलावर ठेवलं, शेजारच्या पोराकडून आरी मागितली आणि उजवा दांडा कापला. वर्गात कोणी "आजी, नको!" म्हणालं. चांगला होता गं तो दांडा, मोठीबाई. त्याचा बाक अजून डोळ्यांपुढं आहे. आरी चालवताना मला रडू आलं, ते दांड्यासाठी की तुझ्यासाठी, ते मी तपासत बसले नाही. कापलेलं टोक गोल घासलं, वर सुतळी गुंडाळली आणि घरी आले.

परवा बाजाराला गेले. नालीच्या अलीकडची तुझी जागा रिकामी नव्हती. लताबाईनं आपल्या पोत्याची कड तुझ्या जागेवर सरकवून ठेवली होती आणि वर चार कोहळे मांडले होते. एक नवा लसूणवाला तिथं बसायला आला, तर त्याला म्हणाली, "इथी मानूस आहे." कुठं आहे, त्यानं विचारलं. "येते," म्हणाली. मी ऐकलं आणि थोडा वेळ कोहळे निवडत बसले, म्हणजे तोंड खाली राहील.

लताबाईचेही गुडघे गेलेत, हे तुला ठाऊक असेल. तिचे गुडघे धड होते तोवर तुम्ही दोघी एकमेकींना उठवायचात, असं तिनंच सांगितलं. आता तिला उठवायला कोणी नाही. मी पिढं तिच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "बस. दिवसभर बस. आन मी काई बोलनार नाई. तूच सांग."

"मोठीबाईचं आहे ना हे?"

"पिढं आहे. ज्याचे गुडघे दुखते त्याचं."

तिनं पिढ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पयलेवालं कलेक्टरचं होतं. हे तं तलाठ्याचं दिसून राह्यलं." बसली. उजवीकडं वाकली, कोहळा उचलला, तराजूत टाकला. काही अडलं नाही. मी ओठ दाबून बसले होते. किती अवघड असतं गं गप्प बसणं, तुला आयुष्यभर कसं जमलं? नाही जमलं म्हणा, पण ओट्याच्या वेळी तरी जमलं होतं.

दुपार कलली. गिऱ्हाईक कमी झालं. लताबाईनं डावा हात दांड्यावर ठेवला. ती डावीकडं कलली, एकदा थांबली, दांडा हलवून पाहिला, खात्री केली. मग उठली. कोणाला हाक मारली नाही, कोणाचा हात धरला नाही. लुगडं झटकलं आणि समोरच्या गल्लीतून एकटी जाऊन आली. परत येऊन पिढ्यापुढं उभी राहिली. मग दोन्ही गुडघे धरून सावकाश खाली बसली. बसताना तिचं तोंड वाकडं झालं, ते मी पाहिलं. तरी मी विचारलं नाही. ती सांगेल म्हणून थांबले.

तिनं तराजू मांडीवर घेतला, पदरानं घाम पुसला आणि मला म्हणाली, "उठतानी बरं आहे, बाई. बसतानी अजून जीव जाते. ते पन पाह्य."